रिस्ट्रिक्ट म्हणजे कापणे नव्हे

बारावीच्या जीवशास्त्रात ‘रिस्ट्रिक्शन एन्झाइम’ हा शब्द येतो. हे विकर काय करते असे विद्यार्थ्यांना विचारले की उत्तर ताबडतोब मिळते : डी.एन.ए. कापते. ‘रिस्ट्रिक्ट’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ विचारला तर ‘मर्यादा घालणे’, ‘निर्बंध घालणे’ हेही बहुतेकांना सांगता येते. तिसऱ्या प्रश्नाला मात्र वर्ग गप्प होतो. जे विकर कापते त्याला मर्यादा घालणारे असे नाव का? कापण्याने मर्यादा कशावर पडते?

थोडा वेळ थांबले तर एखादा हुशार विद्यार्थी उत्तर शोधतो : ‘ते डी.एन.ए. ठरावीक ठिकाणीच कापते, म्हणून रिस्ट्रिक्शन.’ तर्क चांगला आहे, पण चूक आहे. अशा प्रकारचे जे विकर सर्वांत आधी वेगळे केले गेले ते ठरावीक ठिकाणी कापतच नव्हते, आणि ‘रिस्ट्रिक्शन’ हे नाव तर त्याच्याही आधी पंधरा वर्षे वापरात होते. कात्री सापडण्यापूर्वीच तिचे नाव ठरलेले होते. हे कसे घडले ते समजून घ्यायचे तर आधी त्या क्रियापदाकडे नीट पाहायला हवे. दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीत इंग्रजी माध्यमाकडे वळणाऱ्या मुलामुलींना असे शब्द पाठ करण्यावाचून गत्यंतर नसते. पाठ केलेल्या शब्दातून प्रश्न उगवत नाही, हे त्याचे खरे नुकसान.

‘रिस्ट्रिक्ट’चे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘स्ट्रिंगेरे’ म्हणजे ओढून घट्ट बांधणे, आवळणे; ‘रि’ म्हणजे मागे. मागे ओढून आवळून धरणे, हा त्यातला मूळ अर्थ. घोड्याचा लगाम डोळ्यांसमोर आणला की चित्र पुरे होते. याच धातूपासून निघालेले अनेक शब्द आपण रोज वापरतो आणि त्यांचे नाते ओळखत नाही. ‘स्ट्रिक्ट’ शिक्षक म्हणजे आवळून धरणारे. बोआ कॉन्स्ट्रिक्टर हा साप भक्ष्याला विळख्यात आवळतो. थंडीत त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात त्यालाही कॉन्स्ट्रिक्शनच म्हणतात. ‘अॅस्ट्रिंजंट’ म्हणजे तुरट, म्हणजे जीभ आवळून आल्यासारखी वाटायला लावणारा. आवळा किंवा कच्ची सुपारी खाल्ल्यावर हा अर्थ जिभेलाच कळतो. दाढी करताना कापले तर तुरटी फिरवतात, तीही या अर्थाने अॅस्ट्रिंजंट. आणि ज्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना आपण अर्ज पाठवतो तो ‘डिस्ट्रिक्ट’ही याच घराण्यातला. एखाद्याची सत्ता जेवढ्या मुलुखाला आवळून धरू शकते, तेवढा तो डिस्ट्रिक्ट!

मराठीनेही ही कल्पना बांधण्याच्या क्रियेवरूनच घेतली आहे. बंध, बंधन, निर्बंध, प्रतिबंध हे सगळे एका गोतातले. ‘निर्बंध’ शब्दात एक गंमत आहे. निर्धन म्हणजे धन नसलेला, निर्दोष म्हणजे दोष नसलेला; त्या न्यायाने निर्बंध म्हणजे बंध नसलेला व्हायला हवा, आणि काही मुले तसा अर्थ लावतातही. पण इथला ‘निर्’ अभाव दाखवत नाही. संस्कृतात निर्बंध म्हणजे आग्रह, हट्ट. मराठीत त्याला ‘घातलेले बंधन’ असा अर्थ आला, आणि मोकळेपणा सांगायला आपल्याला ‘अनिर्बंध’ म्हणावे लागले.

याच गोतातला ‘बंधारा’ मला ‘रिस्ट्रिक्ट’ समजावून देण्यासाठी सर्वांत उपयोगी वाटतो. बंधारा नदी बंद करीत नाही. काही पाणी अडवतो, वरचे जाऊ देतो. ‘रिस्ट्रिक्ट’ नेमके हेच करतो आणि ‘प्रोहिबिट’पासून तो इथेच वेगळा होतो. प्रोहिबिट म्हणजे बंदी, मनाई. तिथे काही शिल्लक राहत नाही. रिस्ट्रिक्ट म्हटले की काहीतरी उरलेच पाहिजे. ‘नो एन्ट्री’ आणि ‘एन्ट्री रिस्ट्रिक्टेड’ या दोन्ही पाट्यांचे भाषांतर विद्यार्थी ‘प्रवेश बंद’ असे करतात. दुसरी पाटी खरे तर प्रवेश चालू असल्याचे सांगते. फक्त तो कोणाला आहे हे विचारायला लावते.

म्हणूनच या क्रियापदाच्या मागे फार वेळा ‘टू’ हे शब्दयोगी येते. रिस्ट्रिक्ट अमुक टू तमुक. अमुक म्हणजे ज्याला आवळायचे ते. तमुक म्हणजे त्याला उरलेली जागा. मराठीत या ‘टू’साठी अगदी चपखल प्रत्यय आहे : ‘पुरता’. जून २०२० मध्ये मुंबईच्या लोकल गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा प्रवास अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरता ठेवला होता. त्याआधी टाळेबंदीत गाड्या सामान्य प्रवाशांसाठी बंद होत्या, ती मनाई. नंतरचा हा निर्बंध. वाक्यात ‘पुरता’ बसवून पाहावे. बसला तर ते रिस्ट्रिक्ट.

गणिताच्या शिक्षकांना तर या ‘पुरता’वाचून गत्यंतर नाही. सायन हे फलन सर्व वास्तव संख्यांवर घेतले तर त्याचे व्यस्त फलन मिळत नाही, कारण एकच किंमत ते अनंत वेळा घेते. ज्याचा सायन अर्धा आहे असा कोन ३० अंशांचाही असतो, १५० अंशांचाही. मग आपण फलनाचा प्रांत उणे ९० ते अधिक ९० अंशांपुरता ‘रिस्ट्रिक्ट’ करतो. आता प्रत्येक किमतीला एकच कोन, आणि व्यस्त फलन हाती येते. आवळण्याने इथे काही गमावले नाही, उलट मिळवले.

या क्रियापदाच्या भाऊबंदांबद्दल दोन शब्द सांगून पुढे जाऊ. ‘लिमिट’ आणि ‘कन्फाइन’ यांत बांधणे नाही, सीमारेषा आहे. त्यातल्या कन्फाइनमध्ये चार भिंतींत कोंडल्याची छटा अधिक. ‘रिस्ट्रेन’ हा मात्र रिस्ट्रिक्टचा सख्खा भाऊ. लॅटिनमधला तोच शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तो रिस्ट्रेन, सरळ आला तो रिस्ट्रिक्ट. रिस्ट्रेन माणसाला, जनावराला किंवा मनातल्या ऊर्मीला करतात. रिस्ट्रिक्ट प्रवेशाला, वापराला, वाढीला.

वाढीला. इथून आपण विकराकडे वळू.

जीवाणूंनाही विषाणूंचा संसर्ग होतो. अशा विषाणूंना बॅक्टेरिओफाज किंवा नुसतेच फाज म्हणतात. फाज जीवाणूच्या पृष्ठभागावर चिकटतो, आपला डी.एन.ए. आत सोडतो, आणि थोड्याच वेळात जीवाणू फुटून शेकडो नवे फाज बाहेर पडतात. बशीत जीवाणूंचा दाट थर वाढवून त्यावर फाज टाकले तर जिथे जिथे फाज वाढला तिथे स्वच्छ गोल ठिपका दिसतो. ठिपके मोजले की फाज किती ते कळते. १९५० च्या सुमाराचे जवळजवळ सगळे फाजसंशोधन या ठिपके मोजण्यावर उभे होते. साधने इतकी साधी होती हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

साल्व्हादोर लुरिया हे त्यावेळी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात काम करीत होते. इ. कोलाय या जीवाणूच्या एका उत्परिवर्तित वाणावर फाज टाकला तर जीवाणू मरत, पण नवे फाज मात्र सापडत नसत. एके दिवशी त्यांची नेहमीच्या इ. कोलायची परीक्षानळी फुटली. शेजारच्या प्रयोगशाळेतून त्यांनी शिगेला या जवळच्या जीवाणूचे संवर्धन मागून आणले आणि त्यावर प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी बशीत ठिपकेच ठिपके! म्हणजे फाज तयार होत होते, पण नेहमीच्या इ. कोलायमध्ये ते वाढू शकत नव्हते. शिगेलात वाढत होते. लुरियांना ही फुटलेली नळी इतकी महत्त्वाची वाटली की १९८४ मध्ये लिहिलेल्या आत्मचरित्राच्या नावातच त्यांनी तिला स्थान दिले.

पुढची गोष्ट याहून विचित्र होती. शिगेलात एकदा वाढून आलेले फाज पुन्हा इ. कोलायमध्ये पूर्वीसारखे वाढू लागले. म्हणजे फाजमध्ये उत्परिवर्तन झालेले नव्हते. जनुके तीच, फक्त मागच्या मुक्कामाचा कसला तरी शिक्का त्यांच्यावर बसत होता, आणि मुक्काम बदलला की शिक्काही बदलत होता. लुरिया आणि मेरी ह्यूमन यांनी हे १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी ज्युसेप्पे बर्तानी आणि जाँ वायगल यांना लॅम्डा नावाच्या फाजमध्ये असाच प्रकार आढळला. इ. कोलायच्या ‘सी’ वाणात वाढलेले लॅम्डा फाज ‘के’ वाणावर टाकले तर दहा हजारांतले जेमतेम काही वाढत. पण जे थोडे वाढत त्यांची पिल्ले ‘के’वर शंभर टक्के वाढत. तीच पिल्ले एकदा ‘सी’मधून काढली की पुन्हा ‘के’वर दहा हजारांतले काहीच.

आता आपले क्रियापद इथे लावून पाहा. फाजची वाढ एका विशिष्ट यजमानापुरती आवळली गेली होती. बंद झाली नव्हती. काही फाज निसटून जातच होते. प्रोहिबिट म्हटले असते तर चुकले असते. शास्त्रज्ञांनी याला ‘रिस्ट्रिक्शन’ म्हटले, आणि माझ्या मते इतका नेमका शब्द जीवशास्त्रात फार थोड्या वेळा निवडला गेला आहे. कशावर निर्बंध? फाजच्या वाढीवर. कशापुरता? मागच्या मुक्कामाच्या वाणापुरता. कापण्याचा विचारही अजून कोणाच्या मनात नव्हता. त्या निसटणाऱ्या मोजक्या फाजमुळेच तर शिक्क्याचा पत्ता लागला. निर्बंध पुरा घट्ट असता तर अभ्यासायला पिल्लेच मिळाली नसती.

शिक्का कुठे बसतो आणि निर्बंध कसा घातला जातो, याचे उत्तर जिनिव्हात मिळाले. वर्नर आर्बर आणि डेझी द्यूस्वा यांनी १९६२ मध्ये दाखवले की निर्बंध घालणाऱ्या जीवाणूत शिरलेल्या फाजच्या डी.एन.ए.चे काही मिनिटांतच तुकडे होतात. फाजच्या डी.एन.ए.त किरणोत्सारी फॉस्फरस घालून त्यांनी त्याचा माग काढला होता. शिक्काही डी.एन.ए.वरच असतो हे त्यांनी सिद्ध केले. पुढे आर्बर यांनी मांडणी केली ती अशी. जीवाणूजवळ दोन प्रकारची कामे करणारी विकरे असतात. एक डी.एन.ए.तील ठरावीक अक्षरक्रम ओळखून तिथे मेथिल गट चिकटवते, हा शिक्का. दुसरे तोच अक्षरक्रम शोधते, आणि तिथे शिक्का नसेल तर डी.एन.ए. तोडते. जीवाणूचा स्वतःचा डी.एन.ए. शिक्का असल्यामुळे वाचतो, परका तुटतो. दहा हजारांत जे काही फाज निसटतात त्यांचे नशीब एवढेच की कापणाऱ्याच्या आधी शिक्का मारणारे विकर त्यांच्यापर्यंत पोहोचते. मग त्यांची पिल्ले शिक्क्यासह जन्मतात.

आर्बर यांच्या दहा वर्षांच्या मुलीने, सिल्व्हियाने, वडिलांचे हे काम एका गोष्टीत बसवले होते. जीवाणूंची वसाहत म्हणजे एक नगर, प्रत्येक जीवाणूत लांबलचक सडपातळ राजा आणि बुटके जाडे नोकर. एका नोकराजवळ कात्री असते. परका राजा चालून आला तर तो त्याचे तुकडे करतो, स्वतःच्या राजाला मात्र धक्का लावत नाही. नोबेल पारितोषिकाच्या वेळी आर्बर यांनी ही गोष्ट जगाला सांगितली. वर्गात सांगायला मला यापेक्षा सोपी मांडणी माहीत नाही.

कात्री हाती लागायला अजून काही वर्षे होती. १९६८ मध्ये मॅथ्यू मेसेल्सन आणि रॉबर्ट युआन यांनी ‘के’ वाणातून असे विकर शुद्ध स्वरूपात काढले. ते अक्षरक्रम ओळखत असे, पण कापत असे दूर कुठेतरी, वाटेल तिथे. सुरुवातीच्या हुशार विद्यार्थ्याचा तर्क इथे कोसळतो. ठरावीक जागी कापणारे विकर १९७० मध्ये हॅमिल्टन स्मिथ आणि केंट विल्कॉक्स यांनी हिमोफिलस इन्फ्लुएंझा या जीवाणूत शोधले. डी.एन.ए.च्या लांब धाग्यांमुळे त्याचे द्रावण भेंडीच्या तारेसारखे दाट असते. जीवाणूचा अर्क घातल्यावर फाजच्या डी.एन.ए.चा दाटपणा झपाट्याने उतरला, जीवाणूच्या स्वतःच्या डी.एन.ए.चा उतरला नाही. धागे तुटले की द्रावण पातळ होते, एवढ्या साध्या निरीक्षणातून ते विकर सापडले. १९७१ मध्ये कॅथलीन डॅना आणि डॅनिएल नेथन्स यांनी त्याने एस.व्ही. ४० या विषाणूच्या डी.एन.ए.चे ११ तुकडे करून दाखवले. आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रयोगशाळेत नेहमी वापरले जाणारे विकर म्हणजे इको-आर-वन. ते जी-ए-ए-टी-टी-सी हा सहा अक्षरांचा क्रम ओळखते. ए समोर टी आणि जी समोर सी या नियमाने समोरच्या धाग्यावरची अक्षरे लिहून ती उलट दिशेने वाचली तर तोच क्रम मिळतो. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलटे वाचले तरी तेच राहते, पण तिथे आपण एकच ओळ वाचतो. इथे परतीची वाट दुसऱ्या धाग्यावरून जाते. कागदाच्या दोन पट्ट्यांवर अक्षरे लिहून मुलांना हे पाच मिनिटांत करून पाहता येते.

त्याच तासाला एक गणितही होते. चार अक्षरांतून सहा अक्षरांचा विशिष्ट क्रम योगायोगाने किती अंतरावर येईल? चारचा सहावा घात, म्हणजे सरासरी ४०९६ अक्षरांत एकदा. लॅम्डा फाजचा डी.एन.ए. ४८,५०२ अक्षरांचा आहे, म्हणजे सुमारे १२ ठिकाणी तो क्रम अपेक्षित. प्रत्यक्षात तो ५ ठिकाणीच आहे, म्हणून तुकडे ६ पडतात. अपेक्षेपेक्षा कमी का, यावर वर्गात चर्चा रंगते. डी.एन.ए. म्हणजे फासे टाकून काढलेली अक्षरे नव्हेत, इतके तरी मुलांच्या लक्षात येते.

या कात्रीने पुढे काय काय घडवले, १९८२ पासून औषध म्हणून मिळू लागलेले जीवाणूंनी बनवलेले मानवी इन्शुलिन असो की डी.एन.ए.वरून ओळख पटवणे असो, ते बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते. आपल्या क्रियापदाचे काय झाले ते मात्र नसते. कात्री इतकी उपयोगी ठरली की मूळची घटना मागे पडली. ‘रिस्ट्रिक्शन साइट’ म्हणजे कापण्याची जागा, ‘रिस्ट्रिक्शन मॅप’ म्हणजे कापण्याच्या जागांचा नकाशा. या जोडशब्दांत फाजही नाही आणि त्याच्या वाढीवरचा निर्बंधही नाही. आता तर शोधनिबंधांत ‘डी.एन.ए. रिस्ट्रिक्टेड विथ इको-आर-वन’ असे लिहितात. ‘टू’ गेले, ‘विथ’ आले. ‘पुरता’ गेला आणि ‘ने’ आला : सुरीने, कात्रीने. मराठी व्याकरणाच्या शिक्षकांना हा तृतीया विभक्तीचा बदल लगेच ओळखू येईल. क्रियापदाने प्रयोगशाळेत खरोखरच ‘कापणे’ असा नवा अर्थ घेतला आहे, पण तो प्रयोगशाळेच्या दारापुरताच.

मराठीत या विकराला ‘निर्बंधक विकर’ म्हटलेले आढळते. इतिहास सांगणार असाल तर हा शब्द चांगला आहे. ‘प्रतिबंधक विकर’ मात्र टाळावे, कारण विद्यार्थी त्याची गल्लत विकरांचे काम थांबवणाऱ्या निरोधकांशी करतात, आणि बंदी व निर्बंध यांतला फरकही त्यात पुसला जातो.

पुढील तीन वाक्ये फळ्यावर लिहून पाहावीत. ‘द फाज वॉज रिस्ट्रिक्टेड बाय द के स्ट्रेन.’ ‘द प्लास्मिड वॉज रिस्ट्रिक्टेड विथ इको-आर-वन.’ ‘द यूज ऑफ इको-आर-वन वॉज रिस्ट्रिक्टेड टू सीनियर स्टुडंट्स.’ तिन्हींत क्रियापद एकच आहे. कोणाला आवळले, कोणी आवळले आणि काय उरले, हे प्रत्येक वाक्याबाबत विचारावे. दुसऱ्या वाक्यापाशी हे प्रश्न अडतील. तिथेच आर्बर यांची गोष्ट सांगायला सुरुवात करता येईल.